समुद्र गोडा करून झाल्यावर

ऑक्टोबर १९७७मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्स या गावी, एक परिषद भरली होती. अंटार्क्टिकातले हिमनग जहाजांनी ओढून आणायचे आणि त्यांचं पाणी वापरायचं, हा तिचा विषय. भोवती शेकडो मैल मक्याची शेतं आणि समुद्राचा मागमूस नाही, अशा ठिकाणी अलास्काहून बर्फाचा एक भला मोठा तुकडा विमानाने आणला गेला. त्याचे खडे फोडून पाहुण्यांच्या पेल्यांत घातले गेले. या सगळ्यामागे पैसा आणि उत्साह होता सौदी अरेबियाचे राजपुत्र मोहम्मद बिन फैसल यांचा. वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली आणि ती करण्यासारखी होतीही. मात्र टिंगलीच्या भरात एक गोष्ट निसटली. समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी १९७४मध्ये सौदी सरकारने जे महामंडळ काढलं, त्याची धुरा याच राजपुत्रांकडे होती. म्हणजे या धंद्याचा खर्च ज्यांनी आतून बघितला होता, त्यांनाच अख्खा बर्फाचा डोंगर विषुववृत्त ओलांडून आणणं परवडेल असं वाटत होतं.

आज हिमनगाचं नाव फारसं कोणी काढत नाही, कारण समुद्र स्वस्त झाला. तेल अवीवजवळचा सोरेक प्रकल्प २०१३मध्ये सुरू झाला तेव्हा तिथल्या हजार लिटर पाण्याचा दर अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरच्या आसपास होता. शेजारी उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या प्रकल्पाची निविदा त्याहूनही खाली आली. हे आकडे वाचले की आपल्याकडे हमखास एक वाक्य येतं : ‘इस्रायलने करून दाखवलं, आपल्याला सातशे किलोमीटरचा किनारा आहे, मग अडलंय कुठे?’ या वाक्यात तहान आणि टंचाई या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत. तहान यंत्राने भागते, याबद्दल आता वाद उरलेला नाही. टंचाईचं मात्र तसं नाही. रखरखीत देशांचा गेल्या सत्तर वर्षांचा अनुभव असं सांगतो, की हे यंत्र हाती आल्यावर काही देशांनी टंचाई आटोक्यात आणली, तर काहींनी याच यंत्राच्या भरवशावर ती वाढवून ठेवली.

आधी यंत्र. मीठ अडवणारा आणि पाणी जाऊ देणारा पडदा मध्ये ठेवला, तर पाणी आपणहून गोड्याकडून खाऱ्याकडे जातं. त्याला उलट फिरवायचं तर दाब द्यावा लागतो आणि समुद्राच्या पाण्यासाठी तो मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीस-तीसपट असतो. तो सोसेल आणि तरीही भरपूर पाणी जाऊ देईल असा पडदा १९६०च्या सुमारास लॉस एंजलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी बनवला. यातल्या सौरीराजन या भारतीय माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत का नसावं, हा प्रश्न इथे बाजूला ठेवतो. पुढे पडदे सुधारले आणि बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यातला दाब परत वापरायची युक्ती निघाली. आज सगळं धरून हजार लिटरला तीन ते चार युनिट वीज लागते. भौतिकशास्त्राच्या नियमाप्रमाणे, निम्मं पाणी गोडं करून निम्मं परत सोडायचं तर साधारण एक युनिट लागणारच. तेव्हा दर अजून थोडा उतरेल, पण आतापर्यंत उतरला तसा धाडकन उतरणार नाही.

आता बाजारचा हिशेब करू. चांगल्यात चांगल्या प्रकल्पात हजार लिटरला पस्तीस-चाळीस रुपये धरले, तर लिटरला चार पैसे पडतात. प्यायला, रांधायला, धुण्याभांड्याला हा दर काहीच नाही. पण एक किलो गहू पिकवायला हजार-बाराशे लिटर पाणी सहज लागतं आणि वाळवंटात त्याहून जास्त. म्हणजे किलोभर गव्हाला नुसतं पाणीच चाळीस-पन्नास रुपयांचं आणि बाजारात गहू त्याच्या जवळपास निम्म्या भावात. महागडी भाजी, फुलं, हरितगृहातलं पीक यांचं गणित कदाचित जुळेल, धान्याचं आणि चाऱ्याचं नाही. आणि जगात माणूस जे पाणी उपसतो त्यातला सुमारे ७० टक्के भाग शेतीकडे जातो, कोरड्या देशांत तर त्याहून अधिक. समुद्र गोडा करणारा प्रकल्प उरलेल्या छोट्या हिश्शाची सोय करतो. मोठ्या हिश्शाला तो हातही लावत नाही.

हे सौदी अरेबियात जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला. किनाऱ्यावर पाणी गोडं करणारे कारखाने उभे राहिले आणि जुबैलहून रियाधपर्यंत चारशे किलोमीटरहून लांब जलवाहिनी गेली. रियाध समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आहे. हजार लिटर पाणी तितकं वर चढवायला कागदावरच दीड युनिटाच्या वर वीज लागते, पंपातली घट धरली तर दोनाच्या पुढे. (लातूरही साधारण तेवढ्याच उंचीवर आहे आणि वाटेत सह्याद्री आहे. दर दुष्काळात ‘समुद्राचं पाणी मराठवाड्यात आणा’ असं कोणी ना कोणी म्हणतंच, म्हणून सांगून ठेवलं.) इतक्या खटाटोपाने राजधानीला पाणी पाजणाऱ्या याच सरकारने त्याच वर्षांत वाळवंटात गहू पेरायला घेतला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकार शेतकऱ्याकडून टनाला साडेतीन हजार रियाल, म्हणजे तेव्हाचे सुमारे हजार डॉलर, मोजून गहू घेत होतं. जागतिक बाजारात तोच गहू त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात मिळत होता. १९८४पर्यंत देश गव्हात स्वयंपूर्ण झाला. नव्वदीच्या सुरुवातीला उत्पादन ४० लाख टनांवर गेलं आणि सौदी अरेबिया गहू निर्यात करणाऱ्या पहिल्या काही देशांत जाऊन बसला.

पाणी आलं कुठून? जमिनीखालून. अरबस्तानात हवामान ओलं होतं त्या काळात, हजारो वर्षांपूर्वी, मुरलेलं ते पाणी. त्यावर आज पडणाऱ्या पावसाने भर पडत नाही, एकदा उपसलं की संपलं. विमानातून दिसणारी ती प्रचंड हिरवी वर्तुळं या पाण्यावर उभी होती. मध्ये खोल विंधणविहीर आणि तिच्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा फवाऱ्यांचा लांब दांडा. अल-खर्जचे झरे आटले. अल-अहसाच्या खजुराच्या बागा ज्या झऱ्यांवर पिढ्यानपिढ्या जगल्या, ते झरे आपणहून वाहायचे थांबले आणि तिथेही पंप बसले. शेवटी २००८मध्ये सरकारने गहू टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. २०१६ साली देशी गव्हाची सरकारी खरेदी थांबली. नंतर चाऱ्यावरही बंधनं आली. तोपर्यंत ‘अल-मराई’ या मोठ्या सौदी दूध कंपनीने अमेरिकेतल्या ॲरिझोनात जमीन घेतली होती. तिथल्या वाळवंटातल्या भूजलावर लसूणघास पिकवून तो जहाजाने सौदी गायींना पाठवला जात होता. ॲरिझोनात त्यावरून रान उठलं आणि २०२३मध्ये तिथल्या राज्य सरकारने काही भाडेपट्टे रद्द केले.

या गव्हाकडे वेडेपणा म्हणून बघून सोडून देता येत नाही. कारण शहरांना समुद्राचं पाणी मिळत नसतं, तर जमिनीखालचं पाणी गव्हाला द्यायची हिंमत कोणत्याही राज्यकर्त्याला झाली नसती. नळ कोरडे पडले असते आणि बोंब झाली असती. यंत्राने नळ चालू ठेवले आणि उपशावरचं लक्ष उडालं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, त्या वर्षी मराठवाड्यात उसाखाली किती जमीन होती हे ज्यांना आठवतं, त्यांना सौदी गव्हाची गोष्ट परकी वाटू नये. तिथे तेल होतं, इथे साखर कारखाने आहेत. प्यायच्या पाण्याची वेगळी सोय झाली, की पिकाचा प्रश्न विचारणारा आवाज बारीक होतो.

कुवेतची कथा जरा निराळी आहे. तिथे नदी नाही आणि भूजल नावापुरतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराचं पाणी शत-अल-अरब नदीतून लाकडी गलबतांतून येई आणि किनाऱ्यावर उतरून गाढवांच्या पाठीवरून घरोघरी जाई. तीच गलबतं मोसमी वाऱ्यांवर खजूर घेऊन मुंबईलाही येत. १९५३मध्ये शुवैख इथे पाणी गोडं करणारा पहिला मोठा कारखाना चालू झाला आणि गलबतांचं पाणी थांबलं. यंत्राशिवाय आजचं कुवेत शहर असूच शकलं नसतं. तिथे ते अपरिहार्य आहे आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सरकारने ते पाणी उत्पादन खर्चाच्या क्षुल्लक भागात दिलं आणि ज्या देशात गोड्या पाण्याचा एक ओहोळ नाही, तिथला माणसागणिक वापर जगातल्या सर्वांत जास्त वापरांत मोजला जाऊ लागला.

आखातात नोकरीला गेलेल्या रत्नागिरी-रायगडच्या माणसांना या पाण्याची दुसरी बाजू ठाऊक आहे. जुलैत गच्चीवरची टाकी इतकी तापते, की थंड पाण्याच्या नळाला हात लावता येत नाही. मग लोक गीझरचं बटण बंद ठेवतात आणि अंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडतात. घरातल्या सावलीत, जाड कवचाच्या टाकीत साठलेलं ते पाणी तेवढं सोसवण्यासारखं असतं. प्यायला मात्र बहुतेक घरांत दुकानातून मोठ्या बाटल्या येतात. तेल आणि वायू जाळून गोडं केलेलं नळाचं पाणी अंगण धुण्याला आणि गाड्या धुण्याला जातं.

इस्रायलकडे वळायचं ते उदाहरण गिरवायला नव्हे, तिथे कोणत्या गोष्टी आधी झाल्या हे बघायला. १९५९च्या कायद्याने देशातलं सगळं पाणी, कोणाच्याही जमिनीखालचं असो, सार्वजनिक मालकीचं ठरलं. मीटर त्याही आधीपासून होते. १९६४मध्ये उत्तरेतल्या किनेरेत सरोवराचं पाणी दक्षिणेला नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी हत्झेरीमच्या किबुत्झात ठिबक सिंचनाचा कारखाना सुरू झाला. तेल अवीव परिसरातलं सांडपाणी शुद्ध करून वाळूत मुरवायचं आणि नेगेवच्या शेतांना द्यायचं, ही व्यवस्था बसली. आज तिथलं जवळजवळ ९० टक्के सांडपाणी पुन्हा वापरात येतं, मुख्यतः शेतीत. एवढं करूनही नव्वदीच्या अखेरच्या दुष्काळात सरोवर धोक्याच्या रेषेखाली गेलं, तेव्हा मोठ्या प्रकल्पांचा निर्णय झाला. २००५मध्ये अश्केलोन सुरू झालं आणि २०१५पर्यंत भूमध्य समुद्राच्या काठावर असे पाच प्रकल्प झाले. दरम्यान शेतकऱ्यांचा गोड्या पाण्याचा वाटा कापला गेला. २०१०च्या सुमारास घरगुती पाण्याचे दर सुमारे ४० टक्क्यांनी वाढले, लोकांनी शिव्या घातल्या आणि वापर खाली आला. बाहेरचं कौतुक नेमकं या शेवटच्या भागापाशी थांबतं. पडद्याची नळकांडी विकत मिळतात. दर वाढवून निवडणुकीला उभं राहण्याची तयारी विकत मिळत नाही.

तिथेही सगळं सुरळीत झालं असं नाही. पडदा मिठाबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही काढून टाकतो, आणि समुद्रातलं बोरॉन मात्र थोडं निसटून पलीकडे येतं. माणसाला न बाधणारं ते बोरॉन काही पिकांना बाधतं. अश्केलोनचं पाणी शेतात पोचल्यावर ही गोष्ट लक्षात आली आणि नव्या प्रकल्पांच्या अटी बदलल्या. चुनखडीतून पाणी फिरवून कॅल्शियम परत घालतात. मॅग्नेशियम मात्र खर्चापायी राहून गेलं आणि त्याचा हृदयरोगाशी काय संबंध, यावर तिथले डॉक्टर कित्येक वर्षं सरकारशी वाद घालत आहेत.

याहून गंभीर गोष्ट शेजारच्या माणसांची. पाणी बनवता येऊ लागलं की त्यावरून भांडणं संपतील, असं एक भाबडं अर्थशास्त्र आहे. वेस्ट बँकच्या डोंगराखालचं भूजल कोणी किती घ्यायचं, हे १९९५च्या ऑस्लो करारातल्या पाच वर्षांसाठीच्या तात्पुरत्या कोष्टकावर अजून चालू आहे. इस्रायलकडे समुद्राचं पाणी मुबलक झाल्याने ते कोष्टक हललं नाही. पॅलेस्टिनी गावं आणखी पाणी घेतात ते इस्रायली कंपनीकडून विकत. गाझात विहिरींचा उपसा इतका झाला, की समुद्र आत शिरला. तिथलं ९० टक्क्यांहून जास्त भूजल पिण्यालायक नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्था कित्येक वर्षं सांगत आल्या आहेत. विजेअभावी गाझाचं मैलापाणी प्रक्रियेविना समुद्रात जाई. २०१६मध्ये ते उत्तरेला वाहत आलं आणि अश्केलोनचा प्रकल्प अधूनमधून बंद ठेवावा लागला. कुंपण जमिनीवर होतं, पाण्यात नव्हतं. आणि मार्च २०२५मध्ये इस्रायलने गाझाला जाणारी उरलीसुरली वीज तोडली, तेव्हा तिचा फटका बसला तो तिथल्या पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला.

पावसाचं, नदीचं, विहिरीचं पाणी कमीजास्त होतं, पण एका बटणाने बंद होत नाही. कारखान्याचं होतं. १९९१च्या युद्धात इराकी सैन्याने कुवेतचे प्रकल्प उद्ध्वस्त केले आणि आखातात सोडलेलं तेल जुबैलच्या तोंडाशी येऊ नये म्हणून तरंगते अडसर टाकावे लागले. रियाधमधल्या अमेरिकी दूतावासाची २००८ची एक तार पुढे फुटली. जुबैलचा प्रकल्प किंवा जलवाहिनी गेली तर आठवड्याभरात राजधानी रिकामी करावी लागेल, असं तिच्यात लिहिलं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस एका सूक्ष्म शेवाळाने समुद्राचं पाणी लाल केलं आणि अमिराती-ओमानचे काही प्रकल्प बंद पाडले. तिथे कोणी शत्रूही नव्हता.

खाऱ्या अवशेषाबद्दल थोडक्यात, कारण त्याची भीती कधी फुगवून सांगितली जाते तर कधी झाकली जाते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासानुसार जगातले सुमारे सोळा हजार प्रकल्प दिवसाला साडेनऊ कोटी घनमीटर गोडं पाणी बनवतात आणि १४ कोटींहून जास्त घनमीटर दाट खारं पाणी टाकतात. या टाकाऊ पाण्यातला निम्म्याहून अधिक वाटा सौदी, अमिराती, कुवेत आणि कतार या चौघांचा आहे. उघड्या, खोल, वाहत्या समुद्रात ते नीट पसरवून सोडलं तर नुकसान मर्यादित ठेवता येतं. पण फारसचं आखात सरासरी पस्तीसेक मीटर खोल, आधीच जास्त खारट, आणि बाहेर पडायला होर्मुझची एकच चिंचोळी वाट. पाणी घ्यायचं त्याच हौदात मीठ परत टाकायचं, हा प्रकार तिथे चालू आहे.

आणि ज्यांच्याकडे तेल नाही त्यांचं काय? जॉर्डनमध्ये माणशी नूतनीकरणक्षम पाणी वर्षाला शंभर घनमीटरही नाही. पाचशेच्या खाली गेलं की तीव्र टंचाई, असं जगभर धरतात. अम्मानमध्ये कित्येक भागांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, म्हणून प्रत्येक गच्चीवर टाक्यांची रांग दिसते. नोव्हेंबर २०२१मध्ये एक देवाणघेवाण ठरली होती : जॉर्डनने वाळवंटातली सौरवीज द्यायची, इस्रायलने त्या बदल्यात समुद्राचं गोडं केलेलं पाणी. ऑक्टोबर २०२३नंतर ती बारगळली. आता जॉर्डनची भिस्त अकाबाच्या छोट्याशा किनाऱ्यावर आहे. तिथे प्रकल्प बांधायचा आणि तीनशेहून जास्त किलोमीटर, डोंगर चढवून, पाणी राजधानीत न्यायचं. खर्च अब्जावधी डॉलरचा. जॉर्डनला दुसरा मार्ग आहे असं मला वाटत नाही. पण तिथल्या नळजोडण्यांतून जवळपास निम्मं पाणी गळतीत, चोरीत, बिलाबाहेर जातं. इतक्या महागाचं पाणी त्याच पाइपांत सोडायचं का, हे कर्ज देणारेही विचारत आहेत.

मुंबई हा रखरखीत देश नव्हे. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरीही मनोरीला दिवसाला २०० दशलक्ष लिटरचा आणि पुढे दुप्पट होऊ शकेल असा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला आहे. शहराचा पुरवठा ४००० दशलक्ष लिटरच्या आसपास, म्हणजे सुरुवातीला पाच टक्क्यांची भर. गारगाई धरणासाठी तानसा अभयारण्यातली लाखो झाडं तोडावी लागतील, त्यापेक्षा समुद्र बरा, असा युक्तिवाद हा प्रकल्प आणताना झाला होता. तो वजनदार आहे आणि पाऊस लांबला तर हे पाणी हमखास मिळेल, हेही खरं. पण तानसा-वैतरणेचं पाणी बऱ्याच अंशी उतारावरून, आपल्या वजनानेच शहरात येतं. मनोरीच्या २०० दशलक्ष लिटरला रोज सात-आठ लाख युनिट वीज लागेल. ते मिसळणार त्याच जुन्या पाइपांत, जिथून गळती-चोरीत जाणारं पाणी चौथ्या हिश्शाच्या पुढे आहे असं सांगितलं जातं. चौथा हिस्सा म्हणजे हजार दशलक्ष लिटर, म्हणजे पाच मनोरी.

मुंबईचं सांडपाणी आजवर अर्धवट प्रक्रियेनंतर समुद्रात जात आलं. आता वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड अशी सात नवी प्रक्रिया केंद्रं बांधली जात आहेत. त्यांचं पाणी कोणत्या कारखान्याला, कोणत्या रेल्वे यार्डाला, कोणत्या बांधकामाला आणि काय दराने द्यायचं, याचे करार मनोरीच्या कामाआधी झाले, तर मनोरीचा २०० दशलक्ष लिटरचा आकडा पुन्हा तपासून बघावा लागेल.